सुकडी आणि ‘प्रथिनांची दरी’

मराठवाड्यात १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांच्या बोलण्यात दोन पदार्थांची नावे हटकून येतात : मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लालसर ज्वारी. सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरील मजुरांना आणि मुलांना वाटला जाणारा, न शिजवता खाता येणारा कोरडा, गोडसर खाऊ. मिलोची आठवण लोक नाक मुरडून सांगतात, सुकडीची मात्र बहुधा आवडीने. या साध्या पदार्थामागे विसाव्या शतकातील आहारशास्त्राचा एक मोठा वाद उभा होता. विद्यार्थ्यांना तो ठाऊक असायला हवा, कारण त्यातला प्रश्न आजही त्यांच्या ताटात आहे.

कामावरचे अन्न

१९७० आणि १९७१ ही वर्षे पावसाच्या दृष्टीने वाईट गेली आणि १९७२मध्ये तर पावसाने पाठच फिरवली. नांदेड आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूर भागात (लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२मध्ये झाला) हजारो कुटुंबे खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव अशा कामांवर गेली. मे १९७३मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती.

मजुरी हातात पडली तरी भूक लगेच भागत नाही. धान्य मिळवायचे, दळायचे, पाणी आणायचे, जळण गोळा करायचे आणि मग चूल पेटवायची. दिवसभर खडी फोडलेल्या बाईच्याच वाट्याला हे सारे पुन्हा येई. सुकडीला हे काहीच लागत नव्हते. अशा पूरक अन्नाची घडण साधारण एकच असते. भाजलेले किंवा आधीच शिजवलेले पीठ, ऊर्जेसाठी गूळ वा साखर आणि तेल, आणि प्रथिनांसाठी शेंगदाणा, डाळ, सोयाबीन किंवा दुधाची भुकटी यांपैकी काहीतरी. मूठभर तोंडात टाकावे, वर पाणी प्यावे. स्वयंपाकाचा कंटाळा हा पुष्कळदा आळस नसतो. ती थकव्याची, वेळेच्या आणि जळणाच्या टंचाईची गोष्ट असते, हे सुकडीने दाखवून दिले.

दरी कोठून आली?

अशा अन्नात प्रथिनांवर एवढा भर का? याचे उत्तर आफ्रिकेत सापडते. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३३मध्ये गोल्ड कोस्टमधील (आजचा घाना) लहान मुलांच्या एका आजाराचे वर्णन केले. अंगावर सूज, केसांचा बदललेला रंग, सोललेली त्वचा. पाठचे भावंड झाल्यावर अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाला तो होई. तिथल्या गा भाषेतील त्याचे नाव ‘क्वाशिओरकोर’ त्यांनीच वैद्यकात रूढ केले. मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या या मुलांना प्रथिने कमी पडत असावीत, असा तर्क पुढे दृढ झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या तर्काचे जागतिक धोरणात रूपांतर झाले. गरीब देशांत मुख्य उणीव प्रथिनांची आहे, असे मानले जाऊ लागले. १९५५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी प्रथिनविषयक सल्लागार गट नेमला. १९६८पर्यंत तर ‘येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा’चा इशारा देण्यात आला. माशांचे पीठ, पानांतील प्रथिने, खनिज तेलावर वाढवलेले सूक्ष्मजीव असे नाना उपाय जगभर तपासले गेले. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ ७५:२५ या प्रमाणात मिसळून ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केले. शेंगदाण्याची पेंड एरवी गुरांना जाई. तिच्यातील प्रथिने माणसाला मिळावीत, ही त्यामागची कल्पना.

बुधच्या संख्याशास्त्रज्ञाचा आक्षेप

या मताला आकड्यांच्या आधारे धक्का देणाऱ्यांत एक मराठी माणूस पुढे होता. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ रोमच्या अन्न व शेती संघटनेत सुमारे वीस वर्षे होते. भारतातील आहार-पाहण्यांचे त्यांनी केलेले विश्लेषण १९७०मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या आहारात प्रथिने कमी आढळतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा एकूण आहारच अपुरा असतो, असे त्यांना दिसले. धान्य आणि डाळ यांचा नेहमीचा आहार पोटभर मिळाला, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातच भागते. म्हणजे दरी होती ती प्रथिनांची नव्हे, पोटभर अन्नाची.

यामागचे शरीरशास्त्र वर्गात सहज समजावता येते. शरीराला आधी ऊर्जा हवी असते. ती पिष्टमय आणि स्निग्ध पदार्थांतून पुरेशी मिळाली नाही, तर शरीर प्रथिनांतील ॲमिनो आम्लेच इंधन म्हणून जाळते. जळण संपले म्हणून घराचे वासे चुलीत घालावेत, तसा हा प्रकार. अशा वेळी उपाशी माणसाला नुसती प्रथिनांची भुकटी दिली, तर तिचाही बराचसा भाग जळूनच जातो. सुकडीत गूळ-तेलाला स्थान असणे म्हणूनच महत्त्वाचे होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनाही क्वाशिओरकोर झालेल्या आणि नुसतीच रोडावलेल्या मुलांच्या आहारात म्हणावा असा फरक आढळला नव्हता. पुढे तज्ज्ञांच्या समितीने १९७३च्या अहवालात प्रथिनांची शिफारस खाली आणली आणि कागदावरची दरी बरीचशी मिटली. १९७४मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या प्रकरणाची ‘प्रथिनांचा मोठा फज्जा’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली झाडाझडती घेतली.

वाद संपला नाही

सुखात्मे पुढे आणखी एक पाऊल गेले. एकाच माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर कमी आहाराशी काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेवरून उपाशी लोकांची संख्या मोजणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यावर अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याशी त्यांचा १९८०च्या दशकात गाजलेला वाद झाला. गोपालन यांचाही जुळवून घेण्याच्या कल्पनेला विरोध होता. खुंटलेली वाढ आणि घटलेली कार्यशक्ती ही त्या जुळवून घेण्याची किंमतच आहे, असे ते म्हणत. भुकेल्यांची व्याख्या बदलली की मदतीस पात्र ठरणाऱ्यांची संख्याही बदलते. त्यामुळे हा वाद केवळ प्रयोगशाळेतला नव्हता.

प्रथिनांचा प्रश्नही नव्या रूपात परत आला. लायसीन हे अत्यावश्यक ॲमिनो आम्ल प्रौढ माणसाला पूर्वी दर किलो वजनामागे रोज १२ मिलिग्रॅम पुरेसे मानले जाई. २००७च्या आंतरराष्ट्रीय अहवालात हा आकडा ३० मिलिग्रॅम झाला. ज्वारीत लायसीन कमी, तूर-हरभऱ्यात भरपूर. नुसत्या भाकरीने पोट भरले तरी उणीव राहू शकते. तिच्याबरोबर डाळ हवीच, ही जुनी रीत शास्त्राने पुन्हा अधोरेखित केली.

आजचे ताट

आज लातूर आणि नांदेडमध्ये शिकण्यासाठी खोली करून राहणारी हजारो मुले-मुली आहेत. चूल पेटवण्याचा वेळ त्यांनाही नाही आणि हौसही नाही. त्यांच्यासाठी एक हिशोब फळ्यावर मांडावा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने, फुटाण्यांत २२, शेंगदाण्यांत २५, दह्यात ३. आता २५० ग्रॅम पिठाच्या विकत आणलेल्या भाकरी, ५० ग्रॅम फुटाणे, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि १५० ग्रॅम दही घेतले तर एकूण सुमारे ४८ ग्रॅम प्रथिने होतात. ५५ किलो वजनाच्या प्रौढास, दर किलोमागे ०.८३ ग्रॅम या शिफारशीनुसार, ४६ ग्रॅम हवीत. धान्यप्रधान आहारात किलोमागे सुमारे १ ग्रॅम धरणे बरे. तेवढ्यासाठी एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर वरण पुरते.

पण इथेच विद्यार्थ्यांना थांबवावे आणि कॅलरी मोजायला सांगाव्यात. त्या भरतात सुमारे १,३०० आणि बैठे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीलाही सुमारे १,६६०, तर पुरुषाला २,११० हव्यात. म्हणजे प्रथिने पुरेशी दिसत असूनही पोट अर्धवट राहिले. भात, पोळी, गूळ, तेल यांनी ते भरले नाही, तर सुखात्म्यांनी दाखवलेली तीच गोष्ट घडेल. जेवण चुकवून डब्यातली महागडी भुकटी घेणाऱ्या तरुणाने हे जरूर समजून घ्यावे.

आणखी एक बाब. गेल्या काही दशकांत या भागात ज्वारी, भुईमूग, मूग, उडीद मागे पडून सोयाबीन पसरले. त्यात प्रथिने ४० टक्क्यांच्या आसपास आहेत, पण तेल काढल्यावर उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्याला किंवा परदेशी जाते. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक प्रथिनांचे पचन अडवतात, म्हणून ते नीट भाजून किंवा शिजवूनच खावे लागते. सोयावडी मात्र गरम पाण्यात भिजवून, पिळून, मीठ-तिखट लावून पाच मिनिटांत तयार होते.

शिक्षकांनी एक उपक्रम करून पाहावा. घरातील किंवा शेजारच्या वृद्धांना विद्यार्थ्यांनी विचारावे : दुष्काळात सुकडी कोठे मिळे, कशी लागे, कोणाला किती मिळे? मग आजच्या अंगणवाडीतील पूरक आहाराच्या पाकिटावर छापलेली प्रथिने आणि कॅलरी वहीत उतरवून घ्याव्यात आणि दोन्ही नोंदींवर वर्गात चर्चा करावी. दुष्काळाचा इतिहास आणि आहारशास्त्र हे दोन्ही धडे एकाच तासाला होतील.