गाण्याचा गोषवारा आणि मूळ पत्र : एमपी थ्री ते फ्लॅक

🧵 १/१५
नोव्हेंबर १९०२. कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाच्या कर्ण्यासमोर गौहर जान गायल्या. त्या काळच्या तबकडीवर दोन-तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. तासभर फुलणारा राग तेवढ्या अवकाशात बसवणे, ही हिंदुस्थानी गायकांपुढे नव्यानेच उभी राहिलेली परीक्षा होती.

२/१५
पुढची कित्येक दशके ही मर्यादा टिकली. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. आज त्यांचे गाणे ऐकू येते ते मुख्यतः अशाच तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून. त्यांची प्रत्यक्ष मैफल कशी उलगडत असे, हे त्या तुकड्यांवरून केवळ ताडावे लागते.

३/१५
ध्वनी साठवण्याचे प्रत्येक माध्यम आपल्या काळातील टंचाईतून घडते. टंचाई कालांतराने संपते. तिच्यापायी जे वगळले गेले, ते मात्र परत येत नाही. संगणकावर गाण्यांचा संग्रह करताना पडणारा प्रश्न, ‘एमपी थ्री की फ्लॅक?’, हा याच इतिहासाचा पुढचा अध्याय आहे.

४/१५
१९८२ साली फिलिप्स आणि सोनी यांची सीडी बाजारात आली. तिच्यात ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्या. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, म्हणजे तासाभराच्या गाण्याला ६३५ एमबी लागतात. त्या काळच्या संगणकांना हे ओझे पेलणारे नव्हते.

५/१५
जर्मनीतील एर्लांगेन येथे प्राध्यापक डीटर झाइट्सर यांच्या मनात वेगळीच कल्पना होती : दूरध्वनीच्या तारेवरून संगीत पाठवायचे. नव्या आयएसडीएन जोडणीच्या दोन वाहिन्या मिळून १२८ किलोबिट वाहून नेत. म्हणजे सीडीवरील माहितीचा केवळ अकरावा हिस्सा! पेटंट परीक्षकाने ही गोष्ट अशक्य ठरवली. झाइट्सर यांनी ते काम आपल्या विद्यार्थ्याकडे सोपवले : कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग.

६/१५
उत्तर सापडले ते मानवी कानाच्या मर्यादेत. ढोलताशांचा गजर चालू असताना शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही. मोठा स्वर आपल्या आसपासच्या बारीक स्वरांना झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही, ते साठवायचे कशाला? ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी असे ‘झाकलेले’ ध्वनी हुडकून काढणारी पद्धत विकसित केली.

७/१५
कसोटीला लागला एक निराधार आवाज. सुझॅन वेगा यांचे १९८७ च्या संग्रहातील ‘टॉम्स डायनर’ हे गाणे वाद्यांच्या साथीविना गायलेले आहे. आरंभीच्या प्रयोगांत तो आवाज विद्रूप होऊन बाहेर पडला, कारण दोष लपवायला मागे एकही वाद्य नव्हते. ते गाणे पुन्हापुन्हा ऐकून गणित सुधारत नेले गेले.

८/१५
१९९२ साली या पद्धतीला एमपीईजी मानकात स्थान मिळाले. १४ जुलै १९९५ रोजी फ्राउनहोफरच्या मंडळींनी आपसांत मत घेऊन फाइलीच्या नावाचे शेपूट ठरवले : ‘एमपी थ्री’. १९९९ मध्ये नॅप्स्टर आले आणि गाणी घराघरांतून वाहू लागली. २००१ च्या पहिल्या आयपॉडची क्षमता होती ५ जीबी. त्यात सीडीच्या मूळ रूपातले जेमतेम आठ तासांचे संगीत मावले असते. एमपी थ्रीमुळे एक हजार गाणी मावली.

९/१५
वगळलेल्या ध्वनींचे काय झाले? रायन मॅग्वायर या अमेरिकी संगीतकाराने ‘टॉम्स डायनर’ एमपी थ्रीत रूपांतरित होताना जे गळून पडते, तेवढेच गोळा केले आणि त्यातून एक नवी रचना सिद्ध केली. रिकाम्या घरात घुमणाऱ्या आवाजासारखे काहीतरी तीत ऐकू येते. ‘ऐकूच येत नाही’ म्हणून टाकलेले सारे निःशब्द नव्हते.

१०/१५
ज्या वर्षी आयपॉड आला, त्याच वर्षी जुलैमध्ये जॉश कोलसन या प्रोग्रामरने फ्लॅकची पहिली पूर्ण आवृत्ती सर्वांसाठी मोफत खुली केली. हा फॉरमॅट काहीही टाकून देत नाही. आधीच्या मोजमापांवरून पुढचे मोजमाप काय असेल, याचा तो अंदाज बांधतो आणि अंदाज व वास्तव यांतील फरक तेवढा नोंदवतो. फाइल साधारण निम्म्या ते साठ टक्के आकाराची होते, पण उलगडली की मूळ अंक जसेच्या तसे हाती येतात.

११/१५
हा भेद जुन्या कागदपत्रांच्या वाचकाला सहज उमगेल. पत्रात ‘रा. रा.’ लिहिले असले, तरी वाचणारा निःशंकपणे ‘राजमान्य राजश्री’ वाचतो. जागा वाचते, अक्षरही हरवत नाही. हे फ्लॅक. कारकुनाने केलेला पत्राचा गोषवारा म्हणजे एमपी थ्री. गोषवारा उत्तम असू शकतो; पण त्यावरून मूळ पत्र पुन्हा लिहिता येत नाही. म्हणूनच एमपी थ्रीचे फ्लॅक केल्याने फाइल तेवढी फुगते. आणि एमपी थ्रीवरून दुसरा लॉसी फॉरमॅट बनवणे म्हणजे गोषवाऱ्याचा गोषवारा.

१२/१५
इतर पर्यायांचे कूळही या दोन घराण्यांतच लागते. एएसी आणि ऑग व्हॉर्बिस एमपी थ्रीच्या वाटेने जातात. अ‍ॅपलचा एएलएसी फ्लॅकसारखाच अक्षत राखणारा. वेव्ह फाइलीत मोजमापे सहसा संक्षेपाविना लिहिलेली असतात. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी वेव्हवर आधारित फाइल, किमान ४८,००० मोजमापे आणि २४ बिट यांची शिफारस करते.

१३/१५
महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाही. गणेशोत्सवातील गायन, घरगुती बैठका, जात्यावरच्या ओव्या कित्येक घरांत कॅसेटवर जपलेल्या होत्या. रिकाम्या सीडीवर ऐंशी मिनिटांऐवजी १२८ किलोबिटांचे एमपी थ्री बारा तास मावत. म्हणून तोच मार्ग पत्करला गेला आणि अनेकांनी कॅसेट टाकून दिल्या. आता फितीची खरखर काढणारी साधने सुधारली आहेत. मात्र त्यांच्या हाती मूळ पत्राऐवजी गोषवारा पडतो.

१४/१५
एमपी थ्री त्याज्य ठरते, असा याचा अर्थ नव्हे. २५६ किलोबिट किंवा त्याहून वरची फाइल आणि सीडी यांतला फरक बहुतेकांना ऐकून ओळखता येत नाही. फोनवर, प्रवासात ती पुरेशी आहे. २०१७ मध्ये तिचा परवाना कार्यक्रमही बंद झाला. फ्लॅकची निवड आजच्या कानासाठी नसून उद्याच्या कामासाठी आहे : त्यावरून हवी ती प्रत केव्हाही काढता येते. एक टीबीच्या डिस्कवर सीडी दर्जाचे सुमारे अडीच हजार तास मावतात. एर्लांगेनची टंचाई संपली आहे. तिच्या अटी पाळण्याचे कारण उरलेले नाही.

१५/१५
कॅसेट अजून हाती असेल, तर २४ बिटांत उतरवून फ्लॅक वा वेव्ह ठेवावी, दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी आणि फितही जपावी. फ्लॅक फाइलीत गायक, राग, साथीदार, गाव, साल लिहायची सोय असते. ती रिकामी सोडू नये. गौहर जान गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव सांगत, कारण तबकडी दूर जर्मनीत छापली जाई आणि तिथल्या तंत्रज्ञाला आवाज कोणाचा ते कळायला हवे असे. पन्नास वर्षांनी एखादी ओवी ऐकणाऱ्या नातवालाही तेच कळायला हवे असेल.