मेणवलीकरांची गुप्त वाट

दोन दूरच्या कचेऱ्यांचे संगणक आज सार्वजनिक तारांवरूनच बोलतात. मजकूर गूढ, उलगडण्याची किल्ली दोन्ही टोकांपाशीं. ह्यास 'बोगदा' म्हणतात. आम्हां वाईकरांस मेणवलीचे नाना फडणीस आठवतात. १७९६ सालीं प्रतिपक्षाचे स्वार पकडावयास निघतांच ते वाईहून महाडास गेले. तरी तेथून निजाम, होळकर, खुद्द शिंद्यांची छावणी, इतकी दूर मसलत पोंचली. त्या काळच्या पत्रांत नाजूक गोष्ट लिहीत नसत. 'मुखजबानी कळेल' एवढेंच, बाकी विश्वासू जासुदाच्या तोंडीं. हें कुलूप भक्कम खरें, माणूस फितला नाहीं तोंवर! ऑक्टोबरांत शिंद्यांनीं आपल्याच बाळोबातात्यांस कैद केलें. डिसेंबरांत दुसरे बाजीराव पेशवे झाले व नाना पुन्हां कारभारी.