कर्नल नवे, पण वाट जुनी राखावी
लिनक्सचे कर्नल अद्ययावत करताना बूट इमेजकडे दुर्लक्ष नको

कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे तिचे कर्नल. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड या सर्वांवर त्याचेच नियंत्रण असते आणि इतर सर्व प्रोग्राम त्याच्या परवानगीने चालतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतलेले लिनक्स हे कर्नल आज सर्व्हरपासून अँड्रॉइड फोनपर्यंत सर्वत्र वापरले जाते. ते वेळोवेळी अद्ययावत करणे आवश्यक असते. मात्र या कामात एक दुवा निसटला, तर संगणक सुरूच होत नाही. तो दुवा म्हणजे बूट इमेज.

अद्ययावत का करावे?

सुरक्षितता हे पहिले कारण. 'डर्टी काऊ' या नावाने ओळखला गेलेला दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आला. सामान्य वापरकर्त्याला संगणकाचे संपूर्ण अधिकार मिळवून देणारा हा दोष २००७ मधील २.६.२२ या आवृत्तीपासून, म्हणजे सुमारे ९ वर्षे, कर्नलमध्ये दडून होता. २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' हा तशाच स्वरूपाचा दोष सापडला. दोन्ही वेळा दुरुस्ती तातडीने उपलब्ध झाली. तथापि, दुरुस्त कर्नल डिस्कवर उतरविल्याने काम संपत नाही. सर्वसाधारणपणे संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जुने, सदोष कर्नलच चालू राहते. 'आता चालू आहे ते बिघडले तर?' या भीतीने अनेक ठिकाणी हे पुन्हा सुरू करणे लांबणीवर पडते. बूट इमेजचे कार्य समजून घेतल्यास ही भीती बरीचशी दूर होते.

किल्ली पेटीतच राहिली तर...

संगणक सुरू होताना कर्नलपुढे एक विचित्र पेच असतो. डिस्क वाचण्यासाठी त्याला तिचा ड्रायव्हर हवा. पण ड्रायव्हरच्या फाइल तर त्याच डिस्कवर आहेत! पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तसा हा प्रकार. सर्व ड्रायव्हर कर्नलमध्येच भरले, तर ते अवाढव्य होईल. म्हणून आवश्यक तेवढे ड्रायव्हर आणि काही छोटे प्रोग्राम यांची एक स्वतंत्र गाठोडी बांधली जाते. हीच बूट इमेज. तिला 'इनिटरामएफएस' असे म्हणतात. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीपासून ही पद्धत रूढ होत गेली. त्यापूर्वी 'इनिटआरडी' या पद्धतीने हेच काम होत असे. जुने नाव फाइलींच्या नावांत अजूनही आढळते.

सुरुवातीचा क्रम असा असतो : संगणकाचे फर्मवेअर प्रथम 'ग्रब'सारख्या बूट लोडरला जागे करते. ग्रब हा फर्मवेअरच्या साह्याने डिस्क वाचून कर्नल आणि बूट इमेज या दोन्ही फाइल मेमरीत आणतो. कर्नल ती गाठोडी सोडते, आतील ड्रायव्हर वापरून मुख्य डिस्क शोधते आणि पुढील कारभार तिच्यावरील प्रणालीकडे सोपविते. डिस्क सांकेतिक कुलपाने बंद केलेली असेल किंवा अनेक डिस्क 'रेड' अथवा 'एलव्हीएम' पद्धतीने जोडलेल्या असतील, तर त्यासाठी लागणारी साधनेही याच इमेजमध्ये असावी लागतात.

जोडी जुळली पाहिजे

महत्त्वाची बाब अशी, की ड्रायव्हर हे कर्नलच्या त्या-त्या आवृत्तीसाठीच तयार केलेले असतात. त्यामुळे प्रत्येक कर्नलला त्याची स्वतःची बूट इमेज लागते. डेबियन व उबुंटूमध्ये 'अपडेट-इनिटरामएफएस', फेडोरा व रेड हॅटमध्ये 'ड्रॅकट', तर आर्च लिनक्समध्ये 'एमकेइनिटसीपीआयओ' ही आज्ञा ती तयार करते. वितरकाकडून आलेले कर्नल घेतल्यास हे काम बहुधा आपोआप होते. स्वतः कर्नल तयार करणाऱ्याने मात्र त्याची खातरजमा करावी.

गफलत होते ती पुढील कारणांनी. 'बूट' हा वेगळा, लहान विभाग असेल, तर जुन्या फाइलींनी तो भरून जातो आणि नवी इमेज अपुरी राहते. म्हणून आधी मोकळी जागा पाहावी आणि इमेज तयार होत असताना पडद्यावर आलेली एकही त्रुटी दुर्लक्षू नये. ड्रॅकट हा अनेकदा केवळ त्या संगणकाला लागणारे ड्रायव्हरच इमेजमध्ये भरतो. त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडल्यास ती सुरू होईलच असे नाही. ग्राफिक्स कार्डासारखे बाहेरून घेतलेले ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करावे लागतात. 'सिक्युअर बूट' चालू असल्यास त्यांवर मान्य स्वाक्षरीही लागते.

परतीची वाट

या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत मोलाचा नियम साधा आहे : नवे कर्नल सिद्ध होईपर्यंत जुने काढू नये. फेडोरामध्ये मुळातच कर्नलच्या तीन आवृत्त्या ठेवण्याची सोय असते. नवी आवृत्ती अडखळली, तर ग्रबच्या यादीतून जुनी निवडून संगणक पूर्ववत सुरू करता येतो. आर्चमध्ये नवे कर्नल जुन्याची जागा घेते. तेथे दीर्घ मुदतीचे दुसरे कर्नल सोबत ठेवणे शहाणपणाचे. दूरच्या सर्व्हरवर नवे कर्नल केवळ एकदाच वापरून पाहण्याची सोय ग्रबमध्ये करता येते. ते अयशस्वी ठरल्यास पुढच्या वेळी जुनेच सुरू होते. अर्थात, अडलेला सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची सोय तेथे हवी.

मुख्य डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला किंवा पडद्यावर 'इनिटरामएफएस' एवढेच अक्षर झळकले, तर डिस्कवरील माहिती नष्ट झाली असे लगेच समजू नये. बहुतेकदा गाठोडीत एखादा ड्रायव्हर राहिलेला असतो किंवा डिस्कची ओळख चुकीची नोंदलेली असते. अशा वेळी पेन ड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करावा, मूळ विभाग व 'बूट' विभाग जोडावेत आणि इमेज नव्याने तयार करावी. घाईघाईत संपूर्ण प्रणाली पुन्हा बसविण्याने मात्र वाचू शकणारी माहितीही गमावण्याचा धोका असतो.

संगणक नव्या कर्नलवर सुरू झाल्यावर 'युनेम' या आज्ञेने चालू आवृत्ती तपासावी. नेटवर्क, डिस्क व नित्याचे प्रोग्राम काही दिवस नीट चालल्याची खात्री पटली, की मगच जुन्या आवृत्तीला निरोप द्यावा.