श्रीलंकेचा ओला व कोरडा भाग : राजधान्यांच्या स्थलांतराचा प्रश्न

उष्ण कटिबंधातील डोंगराळ बेटांचे ओला व कोरडा असे दोन भाग पडतात, ही गोष्ट भूगोलाच्या अभ्यासकांस परिचित आहे. वाऱ्यास सन्मुख असलेल्या उतारावर पाऊस कोसळतो आणि पलीकडील प्रदेश पर्जन्यछायेत राहतो. या विभागणीचा इतिहासाशी संबंध कसा लावावयाचा, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. श्रीलंकेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे मे ते सप्टेंबर या काळात मध्यवर्ती डोंगरांवर अडतात. त्यामुळे नैर्ऋत्येकडील सुमारे चतुर्थांश भूभागात वर्षाला २,५०० मि. मी.हून अधिक पाऊस पडतो. उत्तरेकडील व पूर्वेकडील विस्तीर्ण मैदानात हे प्रमाण १,७५० मि. मी.हून कमी असते. तथापि 'कोरडा' हा शब्द येथे सापेक्ष आहे. या मैदानाच्या बऱ्याच भागात दख्खनच्या पठारापेक्षा अधिक पाऊस पडतो. परंतु तो मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत पडतो व नंतर दीर्घ अवर्षण येते. तेव्हा उणीव आहे ती पाण्याची नव्हे, तर पाणी साठविण्याची.

ही उणीव सिंहली राज्यकर्त्यांनी भरून काढली. अनुराधपूर व पोलोन्नरुव या दोन्ही प्राचीन राजधान्या कोरड्या भागातच उदयास आल्या. पाचव्या शतकात धातुसेनाने कलावेव हा तलाव बांधविला. त्याचे पाणी अनुराधपुराकडे नेणारा जयगंगा कालवा सुमारे ८७ कि. मी. लांबीचा असून त्याच्या पहिल्या १७ मैलांत उतार दर मैली अवघा ६ इंच आहे. बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूने (इ. स. ११५३–११८६) या व्यवस्थेस कळस चढविला. यानंतर मात्र चित्र पालटले. इ. स. १२१५ मध्ये कलिंगाच्या माघाने पोलोन्नरुव जिंकले. पुढे दंबदेणिय, यापहुव, कुरुणेगल, गंपोल व कोट्टे अशी राजधानी टप्प्याटप्प्याने नैर्ऋत्येकडे सरकत गेली.

या स्थलांतराचे कारण काय? परचक्र हे उत्तर नेहमी दिले जाते, पण ते अपुरे आहे. चोळांनीही अनुराधपूर उद्ध्वस्त केले होते, तरीही इ. स. १०७० मध्ये पहिल्या विजयबाहूने त्यांना हुसकावल्यावर तलावांची दुरुस्ती होऊन राज्य पुन्हा सावरले. म्हणून खरा प्रश्न विध्वंस का झाला हा नसून, तेराव्या शतकानंतर पुनर्रचना का झाली नाही, हा आहे.

हिवताप हे दुसरे उत्तर. येथे १९३४–३५ च्या साथीचा दाखला मननीय ठरतो. या साथीत सुमारे ८०,००० माणसे दगावली. पण तिचा मोठा तडाखा बसला तो कोरड्या भागास नव्हे, तर ओल्या भागास व त्याच्या सीमेवरील प्रदेशास. पाऊस हुकल्याने वाहत्या नद्यांची डबकी झाली व त्यांत डास माजले. यावरून असे अनुमान निघते की, फुटलेले बांध व तुंबलेले कालवे यांनी हिवतापास आश्रय दिला असावा. म्हणजे रोग हा ऱ्हासाचे मूळ कारण नसून त्याचा परिणाम, आणि पुढे पुनर्वसाहतीच्या वाटेतील अडसर, मानणे अधिक सयुक्तिक होय.

१९५७ मध्ये रोड्स मर्फी यांनी मोठ्या पाटबंधाऱ्यांची देखभाल करणारी यंत्रणाच मोडली, या मुद्द्यावर भर दिला. उलट एडमंड लीच यांनी १९५९ मध्ये दाखविले की, गावोगावची लहान तळी राजसत्तेवाचूनही चालू शकत. ही दोन मते परस्परविरोधी वाटली, तरी ती एकत्र ठेवल्यास उलगडा होतो. लहान तळ्यांच्या आधारे गावे तगली. परंतु राजधानी, विहार व सैन्य पोसणारे वरकड धान्य मोठ्या तलावांवाचून निघेना. दरम्यान ओल्या भागात दालचिनीच्या व्यापाराने राजसत्तेस उत्पन्नाचे नवे साधन मिळाले. तेव्हा कोरडा भाग सोडला तो प्रामुख्याने राजसत्तेने. सर्व प्रजेने नव्हे.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही. विसाव्या शतकात मिन्नेरिय, गल ओया व महावेली येथील वसाहत-योजनांनी या प्रदेशास 'पुनरुज्जीवित' करण्याचे ध्येय पुढे ठेवले. जो प्रदेश ओसाड मानला गेला, तेथे जुनी गावे नांदत होती, याचा विसर पडला तर नव्या वसाहतकाऱ्यांस जमीन देताना जुन्या रहिवाशांचे हक्क सहज नजरेआड होतात. बेटाची कोरडी बाजू पर्जन्यमानाने ठरते. ती निर्जन ठरविण्याचे काम मात्र अनेकदा इतिहासकाराच्या लेखणीने केलेले असते.