ब्रिटनमध्ये घरातला बॉयलर बंद पडला तर आधी काय तपासायचं?

जानेवारीतली सकाळ. बाहेर तापमान शून्याखाली, रेडिएटर थंडगार आणि नळाला गरम पाणी नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये गेलेल्या मराठी मंडळींवर पहिल्याच हिवाळ्यात ही वेळ येऊ शकते. आपल्याकडे गीझर बिघडला तर आंघोळीची पंचाईत होते, इतकंच. तिथल्या बहुतेक घरांत आंघोळीचं पाणी आणि घराची ऊब दोन्ही एकाच बॉयलरवर अवलंबून असतात.

आधी धोका ओळखा

गॅसचा वास येत असेल तर दुरुस्तीचा विचारही करू नका. विजेचं कुठलंही बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडा, मीटरजवळचा कॉक बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी ही सेवा २४ तास चालू असते.

कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो. निळ्याऐवजी पिवळी ज्योत, बॉयलरभोवती काजळीचे डाग, घरात डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ आणि बाहेर गेल्यावर बरं वाटणं, ही त्याची लक्षणं. अशा वेळी बॉयलर बंद करून मोकळ्या हवेत जायचं, तिथूनच याच क्रमांकावर फोन करायचा आणि डॉक्टरांनाही दाखवायचं. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे येतात, त्यामागे हाच वायू असतो.

मग साध्या गोष्टी

थर्मोस्टॅटची बॅटरी संपली आहे का? टायमरची वेळ चुकली आहे का? विद्यार्थ्यांच्या घरांत अनेकदा प्रीपेड मीटर असतो आणि त्यातले पैसे संपले की गॅसही बंद होतो. इंजिनिअरला बोलावून, त्याची फी भरून हे कळण्यापेक्षा आधीच पाहिलेलं बरं.

काट्यावर लक्ष ठेवा

हल्ली सर्रास दिसणाऱ्या कॉम्बी बॉयलरला टाकी नसते. रेडिएटरमधलं पाणी बंद पाइपांमधून सतत फिरत राहतं आणि नळाचं पाणी लागेल तेव्हा वेगळं तापतं. त्यामुळे नळाला गरम पाणी येतंय पण सगळे रेडिएटर गार आहेत, असं असेल तर गॅस येतोय आणि बर्नर पेटतोय हे नक्की. दोष थर्मोस्टॅट, पंप किंवा पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये असू शकतो.

दोन्ही बंद असेल तर दाब पाहा. यंत्रणा गार असताना काटा साधारण १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. तो फार खाली गेला की बॉयलर स्वतःहून थांबतो. बॉयलर बंद करून गार होऊ द्यायचा, खालच्या चंदेरी जाळीदार नळीचे व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचे, काटा १.५ च्या आसपास आला की घट्ट बंद करायचे आणि रीसेट करायचं. काही मॉडेलमध्ये या नळीऐवजी छोटी किल्ली किंवा खटका असतो, म्हणून मॅन्युअल पाहिलेलं चांगलं. चार-आठ दिवसांत दाब पुन्हा उतरला, तर कुठेतरी गळती आहे.

कडाक्याच्या थंडीत आणखी एक कारण असतं. कंडेन्सिंग बॉयलरमधून निघणारं पाणी प्लॅस्टिकच्या बारीक पाइपने बाहेर जातं आणि तो पाइप गोठतो. बॉयलर गुडगुड असा आवाज करतो, पडद्यावर एरर कोड दिसतो. पाइप जमिनीवर उभं राहून हाताशी येत असेल, तर त्यावर कोमट पाणी ओता. उकळतं नको, पाइप तडकू शकतो. शिडी चढायच्या भानगडीत पडू नका.

एखादाच रेडिएटर वरच्या बाजूला गार असेल तर आत हवा अडकलेली असते. हीटिंग बंद करून, रेडिएटर गार झाल्यावर छोट्या किल्लीने वरचा स्क्रू थोडा सैल करायचा. फुस्स करून हवा जाते, पाणी दिसलं की लगेच बंद. त्यानंतर दाब पुन्हा पाहायला विसरू नका. खालची बाजू गार असेल तर तळाशी गाळ साचलेला असण्याची शक्यता जास्त. ते काम जाणकाराचं.

इथून पुढे हात लावायचा नाही

रीसेटचं बटण एक-दोनदा दाबूनही बॉयलर सुरू झाला नाही, तर दाबत बसू नका. बॉयलरच्या आतलं गॅसचं काम फक्त ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या इंजिनिअरने करायचं असतं. २००९ पासून ही नोंदणी ‘कॉर्गी’च्या जागी आली. इंजिनिअरकडे ओळखपत्र असतं आणि त्याला नेमकी कोणती कामं करता येतात हे त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. ते मागून पाहण्यात संकोच कसला?

भाड्याच्या घरात राहत असाल तर खर्चाची चिंता बहुधा तुमची नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानुसार हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं घरमालकाची जबाबदारी आहे. गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी करून त्याची प्रत भाडेकरूला देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे. तक्रार फोनवर केली तरी त्यानंतर एक ईमेल पाठवा, सोबत एरर कोडचा आणि दाबाच्या काट्याचा फोटो जोडा. राग आला म्हणून भाडं थांबवू नका, त्यातून घर सोडण्याची वेळ येऊ शकते. उत्तरच येत नसेल तर स्थानिक कौन्सिलकडे तक्रार करता येते.