पैजेतून उभा राहिलेला हिवाळा

स्वित्झर्लंडला मुद्दाम थंडीत जायचं, हे एके काळी कुणाच्या डोक्यातही येत नसे. सेंट मॉरिट्झला इंग्रज पाहुणे यायचे ते उन्हाळ्यात. १८६४ मध्ये कुल्म हॉटेलच्या योहानेस बाद्रुट यांनी त्यांच्याशी पैज लावली म्हणतात: हिवाळ्यात या, नाही आवडलं तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. पाहुणे आले ते वसंतापर्यंत हललेच नाहीत. कथेला थोडी फोडणी बसली असणार, पण धंदा जमला हे खरं.

मी पहिला बर्फ पाहिला तो इथेच, फेब्रुवारीत. अठराशे मीटर उंचीवरचा तो बर्फ रव्यासारखा कोरडा. मुठीत आवळला तरी गोळा होईना. बुटाखाली करकर वाजायचा. नाक तर हॉटेलच्या दारातच बधिर झालं.

हिवाळाभर राहणाऱ्या बाद्रुट यांच्या पाहुण्यांना दिवसभर करायचं काय? त्यातून १८८४-८५ च्या हिवाळ्यात क्रेस्टा रन झाली. बर्फाची ही घसरण दरवर्षी नव्याने घडवतात आणि घसरगाडीवर पालथं पडून, डोकं पुढे करून खाली सुटतात. १९२९ मध्ये बायकांना तिथे बंदी झाली. ती उठली थेट २०१८ मध्ये! गोठलेल्या तळ्यावर घोड्यांच्या शर्यती होतात, त्याही १९०७ पासून. मी फेब्रुवारी निवडला तो या शर्यतींसाठीच.