अश्वपैदास, आभासी

अश्वपैदास, आभासी : घोडे पाळणे, त्यांना शिकवून तयार करणे, घोडा-घोडीची जोडी लावणे आणि मिळालेल्या शिंगरापासून पुढची पिढी वाढवणे हे सगळे संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर करण्याचा खेळ. चंदी घालणे, खरारा करणे, फिरवून आणणे, तबेल्यात बांधणे ही रोजची कामे बटणे दाबून उरकतात. या खेळांची भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा जपानी असते, पण त्यातील बहुतेक कामांना मराठीत पागेच्या काळापासूनचे शब्द आहेत. नागपूरसारख्या, एकेकाळी घोडदळावर उभ्या राहिलेल्या शहरात हा खेळ खेळणाऱ्या मुलाला ते क्वचितच माहीत असतात.

या प्रकाराचा एक महत्त्वाचा आरंभ जपानमध्ये झाला. १९९१ मध्ये तेथे ‘डर्बी स्टॅलियन’ हा घरगुती गेमयंत्रावरचा खेळ निघाला. त्यात शर्यत जिंकण्याइतकेच महत्त्व घोडी कोणत्या घोड्याला दाखवायची या निर्णयाला होते. महाजालावर एकाच वेळी असंख्य लोकांनी खेळायचा, एकमेकांचे पैदाशीचे घोडे भाड्याने घ्यायचा प्रकार फ्रान्समध्ये रुजला. आउलिएंट या कंपनीने २००५ मध्ये सुरू केलेला ‘एकीदेओ’ हा खेळ इंग्रजीत ‘हाउर्स’ या नावाने पसरला. २०११ मध्ये युबीसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली.

हाउर्समध्ये आपला एक दिवस घोड्याच्या दोन महिन्यांइतका असतो. घोडी खऱ्या घोडीप्रमाणेच अकरा महिने गाभण राहते, म्हणजे खेळणाऱ्याला पाच-सहा दिवसांत शिंगरू मिळते. घोड्याचे गुण सहा आकड्यांत मांडलेले असतात: दम, वेग, ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यावरच्या शिस्तबद्ध चाली), चौखूर धाव, दुडकी आणि उडी. प्रत्येक गुण किती वाढू शकतो याची मर्यादा जन्मतःच ठरते आणि या मर्यादांच्या बेरजेला आनुवंशिक क्षमता म्हणतात. शिकवणीने घोडा त्या मर्यादेपर्यंत नेता येतो, पलीकडे नाही. पलीकडे जायचे तर पुढची पिढीच काढावी लागते. म्हणून या खेळात खरा डाव जोडी लावण्याचा आहे. घोडदौडीची चित्रे कितीही देखणी असली तरी मुरलेला खेळाडू शर्यतीकडे फारसे बघत नाही. तो दोन घोड्यांचे आकडे शेजारी ठेवून बसतो.

याशिवाय ‘ब्लप’ नावाचा एक आकडा असतो. तो उणे १०० पासून अधिक १०० पर्यंत चढतो. शिकवणी पुरी झाली, शर्यती जिंकल्या, वय झाले की तो शंभरावर पोहोचतो. आईबापांचा ब्लप जितका चढा तितकी शिंगराची क्षमता चांगली निघते. यामुळे अर्धवट शिकवलेली जोडी लावणे हा नवशिक्याचा हमखास चुकणारा डाव ठरतो.

येथे खेळ जीवशास्त्राशी सरळ फारकत घेतो. खेळाच्या नियमाप्रमाणे बापाला उड्या मारायला शिकवले की त्या शिकवणीचा काही अंश शिंगराच्या रक्तात उतरतो. मिळवलेले गुण वारशाने जातात, हे मत लामार्कच्या नावाने ओळखले जाते आणि प्राणिशास्त्राने ते केव्हाच मागे टाकले आहे. खऱ्या घोडीला कितीही मेहनत देऊन तयार केले तरी तिचे शिंगरू कोरेच जन्मते. गंमत अशी की ‘ब्लप’ हा शब्द खेळाने पशुपैदाशीच्या खऱ्या संख्याशास्त्रातूनच उचलला आहे. चार्ल्स हेंडरसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर बसवलेली ही रीत जनावराच्या स्वतःच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या नोंदींवरून त्याच्या वाणाचा अंदाज बांधते. फ्रान्समध्ये उडीच्या घोड्यांची प्रतवारी याच रीतीने होते. तिचे मर्म नेमके उलटे आहे: शिकवणी, खाणे, स्वार यांमुळे आलेला भाग वजा करून जो उरतो तोच वाण. खेळाने नाव ठेवले आणि अर्थ पालटून टाकला.

मग खऱ्या पैदाशीत शिकवणीचे काम काय? शिकवणी वारसा देत नाही, तो उघडा करते. न फिरवलेल्या घोड्याच्या अंगात काय आहे हे कळायला मार्ग नसतो. घोडा अडतो, पान सडते, भाकरी करपते आणि तिन्हींचे उत्तर एकच असते, ‘न फिरवल्यामुळे’, हे कोडे मराठी घरांत मुलांना घालतात ते उगाच नाही. शर्यतीचा अख्खा व्यवहार याच तत्त्वावर उभा आहे. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर धावणारे थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचे घोडे दीड-दोन वर्षांचे असताना स्वारीला लावले जातात आणि त्यांची कामगिरी वंशावळीपुढे नोंदली जाते. महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४३ पासून धावली जाणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते. ती जिंकणाऱ्या घोड्याला पुढे पैदाशीसाठी मागणी येते, कारण त्याच्या अंगात काय होते ते चार लोकांनी पाहिलेले असते. पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली होती.

शिकवणीचे जुने मराठी शास्त्र बारीक होते. कोऱ्या घोड्याला लगाम, खोगीर आणि स्वार यांची सवय लावणारा तो चाबुकस्वार. हा धंदा इतका ओळखीचा होता की ते आडनावही झाले. लांब दोरीवर घोडा गोलगोल फिरवणे म्हणजे कावा देणे. मोतद्दार दाणावैरण आणि खरारा पाहत असे, नालबंद खुरे. खेळात या तिघांची कामे एकच माणूस पाच मिनिटांत करतो. चाबुकस्वाराला महिने लागत आणि तेवढ्या काळात घोड्याचा स्वभाव त्याला कळे. स्वभावाचा आकडा मात्र हाउर्सच्या सहा गुणांत कोठेच नाही.

मराठा घोडदळात घोड्याची मालकी दोन प्रकारची होती. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येई, बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे. शिवकाळात पंचवीस बारगीरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्यांसाठी एक पाणी वाहणारा पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पागेतला घोडा मेला तर नुकसान राज्याचे, शिलेदाराचा मेला तर त्याचे घर बसे. आपल्या घोडीला कोणता घोडा दाखवायचा याची काळजी दोघांना सारखी असणे शक्य नव्हते. नागपूरकर भोसल्यांची सत्ता या स्वारांवरच उभी राहिली. पहिल्या रघूजींचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने त्यांना भेटीस बोलावून ठार मारले तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने ओरिसाचा वसूल आणि चौथाईचे बारा लाख रुपये भोसल्यांच्या पदरात पडले. बारगीर हा शब्द ‘बर्गी’ होऊन बंगालच्या अंगाईगीतांत बागुलबुवासारखा जाऊन बसला. नागपूरहून बंगालपर्यंतची मजल दरवर्षी मारायची तर उंच, देखणा, नाजूक घोडा उपयोगाचा नव्हता. थोड्या दाण्यावर चालणारा आणि डोंगरखोऱ्यांत पाय न घसरणारा हवा होता.

असा घोडा भीमेच्या खोऱ्यात तयार झाला. अरबी आणि तुर्की घोडे दख्खनच्या लहानखुऱ्या घोड्यांवर लावून निघालेला हा वाण भीमथडी किंवा दख्खनी म्हणून ओळखला जातो. समुद्रमार्गे येणारे परदेशी घोडे महाग असत आणि दक्षिणेच्या हवेत फार काळ टिकत नसत. मार्को पोलोनेही याबद्दल लिहून ठेवले आहे. त्यामुळे परदेशी घोडा स्वारीसाठी जितका, तितकाच पैदाशीसाठी मोलाचा होता. खेळातला नवशिका खेळाडू पैसे साठवून भारी घोडा विकत घेत नाही, त्याचे एकदाचे भाडे भरून आपली घोडी दाखवतो. हिशेब तोच आहे.

रंगाच्या बाबतीतही खेळ आणि बाजार यांचे चांगले जुळते. खानदेशात तापीकाठी, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार असतो. तेथे आजही कुमैत, अबलख, सब्जा, नुकरा, पंचकल्याणी अशा नावांनी सौदे होतात. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असला की तो पंचकल्याणी. गुलाबी कातडीच्या पांढऱ्या नुकऱ्याला लग्नाच्या वरातीमुळे भाव येतो. अंगावरचे भोवरेही पाहतात. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ. भोवऱ्याचा घोड्याच्या धावेशी संबंध नाही, पण किमतीशी आहे आणि म्हणून जोडी लावणारा ते बघतो. खेळांतही दुर्मीळ रंगाच्या घोड्याला असाच निव्वळ हौसेचा भाव येतो.

रंगाचे नियम खेळ बनवणाऱ्यांनी पुष्कळदा खऱ्या आनुवंशिकीतून घेतले आहेत. तांबूस घोडा आणि तांबूस घोडी यांचे शिंगरू तांबूसच होते, कारण काळा रंग देणारे जनुक दोघांकडेही नसते. तांबूस घोड्यात रंग फिका करणाऱ्या ‘क्रीम’ जनुकाची एक प्रत आली तर अंग सोनेरी आणि आयाळ पांढरी होते. दोन आल्या तर घोडा जवळजवळ पांढरा, निळ्या डोळ्यांचा होतो. सब्जा मात्र फसवा. तो गडद जन्मतो आणि वर्षागणिक पांढरा पडत जातो, कातडी काळीच राहते. यात्रेत काळे म्हणून घेतलेले शिंगरू दहा वर्षांनी पांढरे झाले तर विकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

खेळातली घोडी बाराही महिने फळते. खरी घोडी दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते. चक्र सुमारे एकवीस दिवसांचे, त्यात पाच ते सात दिवस माज. गाभणकाळ साधारण ३४० दिवस. व्याल्यानंतर आठ-दहा दिवसांत ती पुन्हा माजावर येऊ शकते. उत्तर गोलार्धात थरोब्रेडचे वय १ जानेवारीला धरतात, मग शिंगरू त्या वर्षात केव्हाही जन्मलेले असो. म्हणून मालकांना ते वर्षाच्या आरंभी जन्मायला हवे असते आणि त्यासाठी तबेल्यात दिवे लावून घोडीला लांब दिवसाचा भास करून देतात. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा आणि घोडी समोरासमोर यावेच लागतात, नाही तर स्टड बुकात, म्हणजे जातीच्या वंशावळीच्या वहीत, नोंद होत नाही. घोड्याची एक पिढी सरासरी आठ ते बारा वर्षांची धरतात. पैदास करणारा माणूस आयुष्यात चार-पाच पिढ्या पाहतो, खेळणारे मूल काही महिन्यांत तेवढ्या पाहते.

घाईचा एक तोटा खेळातही दिसतो. क्षमता लवकर वाढवायची म्हणून भावंडांची जोडी लावण्याचा मोह होतो. सख्ख्या भावंडांच्या शिंगरात जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता २५ टक्के असते, सावत्र भावंडांच्या शिंगरात साडेबारा टक्के. कित्येक खेळ याचा दंड आकारत नाहीत. निसर्ग आकारतो, पण उशिरा: वांझपणा, कमकुवत शिंगरे, लपलेले रोग.

जनावराचे खेळणे करून त्याची निगा शिकवण्याची कल्पना नागपूरला नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन मिरवतात, त्या तान्ह्या पोळ्याची सुरुवात १८०६ मध्ये दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी केल्याचे सांगतात. तेथेही सजावटीला बक्षीस असते, मात्र जोडी लावायची नसते. खऱ्या पैदाशीचे शिक्षण हवे असेल तर त्याच शहरात १९५८ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही आहे.

भीमथडी घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोची स्वतंत्र जात म्हणून मान्यता २०२४ मध्ये मिळाली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्करी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही आठवी भारतीय अश्वजात. हे घोडे आज बहुतांशी धनगर आणि इतर भटक्या मेंढपाळांकडे आहेत. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या बिऱ्हाडाचे सामान, कोंबड्या आणि लहान मुले त्यांच्या पाठीवर असतात. खेळातल्या घोड्याची वंशावळ जन्मल्या क्षणी पडद्यावर उमटते. तळावरच्या शिंगराचा बाप कोणता हे सहसा घरची बाईच सांगू शकते.